जिंकलेला एक वाईट खटला

बाहेरच्या मालकाने गुलामाला सहा महिन्यांहून जास्त काळ राज्यात ठेवले तर तो गुलाम मोकळा, असे अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचा १७८०चा कायदा सांगत होता. मेरीलँडच्या चॅरिटी बटलरला लहानपणी अनेकदा तिथे नेले होते. त्या मुक्कामांची बेरीज केली तर सहा महिने उलटून जात, पण एकही मुक्काम सलग तेवढा नव्हता. १८२१मध्ये हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. तुटक दिवसांची बेरीज धरायची नाही, असा मुद्दा मालकाच्या वकिलाने मांडला आणि तो जिंकला. चॅरिटी मुलांसह गुलामीतच राहिली. तो वकील होता थॅडियस स्टीव्हन्स.

पुढे गुलामगिरीचा कट्टर वैरी म्हणून गाजला तो हाच माणूस. चरित्रकार या खटल्यापाशी जरा अवघडतात. खरे तर इथेच थांबून पाहायला हवे, कारण कलमातल्या एका शब्दाने माणसाचे आयुष्य कसे फिरते, हे त्याने इथे फार जवळून पाहिले.

जन्म १७९२चा, व्हरमाँटचा. पाय जन्मतः वाकडा, बाप घर सोडून गेलेला. आईने राबून शिकवले. १८३५मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या विधानसभेत मोफत शाळांचा कायदा रद्द होण्याच्या बेतात होता. फक्त गरिबांच्या मुलांची फी सरकारने भरायची, ही जुनी सोय अनेकांना पुरेशी वाटत होती. स्टीव्हन्सचे म्हणणे असे, की ही मदत नव्हे, पोरांच्या कपाळावर मारलेला शिक्का आहे. भाषणाने पारडे फिरले, कायदा वाचला.

अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या काळात तो तिथल्या काँग्रेसच्या अर्थसमितीचा अध्यक्ष होता. दक्षिणेच्या फौजेने १८६३मध्ये त्याचा लोखंडाचा कारखाना जाळला.

युद्धानंतरची त्याची चाल मात्र अस्सल वकिली होती. १८६५च्या डिसेंबरात दक्षिणेतले निवडून आलेले सदस्य सभागृहात हजर झाले. हजेरी घेणारा सचिव एडवर्ड मॅकफर्सन हा गेटिसबर्गचा, स्टीव्हन्सच्या मर्जीतला. त्याने त्यांची नावे वाचलीच नाहीत. टेनेसीचे होरेस मेनार्ड तर संघराज्याशी एकनिष्ठ राहिलेले. तेही बोलायला उठले, पण हजेरी चालू असताना कोणाला बोलू देता येत नाही, या नियमावर त्यांनाही खाली बसवले गेले. लबाडी? म्हणा हवे तर. पण ते सगळे त्या दिवशी आत बसले असते, तर कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश मते मिळणे अवघडच होते.

ही दुरुस्तीही त्याच्या मनासारखी नव्हती. काळ्या पुरुषांचा मताधिकार तिने थेट दिला नाही. तरी जून १८६६मध्ये त्याने तिला मत दिले. आपण देवदूतांत नाही, माणसांत राहतो, एवढेच कारण सांगितले. त्याला हेकट म्हणणाऱ्यांनी हे भाषण जरूर वाचावे. १९५४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांतला वर्णभेद बेकायदा ठरवला, तो याच दुरुस्तीतल्या समान संरक्षणाच्या आधारे.

स्टीव्हन्सने लावून धरलेला अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्यावरचा महाभियोग सिनेटमध्ये एका मताने फसला. त्याच वर्षी, ऑगस्ट १८६८मध्ये, स्टीव्हन्स वारला. गोऱ्यांसाठी राखीव असलेली दफनभूमी त्याने नाकारली होती. पुढे पाच वर्षांनी जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक अर्पण केले ते अमेरिकेत गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. स्टीव्हन्सला त्या मंडळींत बसवायला हरकत नाही.

एक गोष्ट मात्र त्याला जमली नाही. दक्षिणेतल्या बड्या जमीनदारांच्या जमिनी जप्त करून मुक्त झालेल्या प्रत्येक प्रौढ पुरुषाला चाळीस एकर द्यावी, अशी योजना त्याने १८६५मध्ये लँकेस्टरच्या भाषणात मांडली होती. खाजगी मालमत्तेला हात लावायला त्याच्याच पक्षातले बहुतेक जण तयार नव्हते, आणि ती मते मिळवून देईल असा कुठलाही सभागृहाचा नियम त्याच्यापाशी नव्हता. मुक्त झालेली कुटुंबे पुन्हा जुन्याच मालकांच्या रानात वाट्याने राबू लागली. बी-बियाणे उधारीवर घ्यायचे, पीक निघाले की हिशेब मालकाच्या वहीतला.