अमली पदार्थ, आपले तरुण आणि शहराची सुरक्षितता

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई पोलिसांनी नाशिकजवळच्या शिंदे गावातील एका कारखान्यावर छापा घालून सुमारे ३०० कोटी रुपये किमतीचे मेफेड्रोन जप्त केले. ‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ या नावाने तरुणांना परिचित असलेले हे द्रव्य अफूसारखे शेतात पिकत नाही; ते रसायनांपासून तयार होते. त्यामुळे केवळ सीमेवरचा पहारा पुरेसा ठरत नाही. २०१५ पर्यंत तर अमली पदार्थविरोधी कायद्याच्या यादीत त्याचे नावही नव्हते!

व्यसनाची झळ आधी घराला लागते, नंतर वस्तीला. पैसे संपले की घरातला दागिना जातो, मग रस्त्यावर मोबाईल हिसकावले जातात आणि अखेरीस मुलगा मित्रांनाच पुड्या विकू लागतो. टोळ्यांना विक्रेता आयताच मिळतो. म्हणूनच पोलीस बंदोबस्ताची मागणी रास्त असली तरी ती उशिराची आहे, असे आम्हांस वाटते.

पालक लाजेने आणि अटकेच्या भीतीने गप्प राहतात. वास्तविक १९८५ च्या याच कायद्याच्या कलम ६४ए नुसार, शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन व्यक्तीस खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. व्यसनमुक्तीचे असे कार्य फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्रे येथे ‘कृपा फाउंडेशन’द्वारे आरंभिले. मात्र कायद्याचे हे संरक्षण सेवनापुरते वा अल्प प्रमाणापुरतेच आहे, आणि उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते.