पुन्हां बर्फावर : घाई कीं धीर ?

पडलेला खेळाडू पुन्हां खेळांत उतरला म्हणजे प्रेक्षक टाळ्या वाजवितात, आणि त्या टाळ्या योग्यच आहेत. परंतु तो योग्य वेळीं उतरला किंवा कसें, हा प्रश्न त्या गजरांत कोणासहि सुचत नाहीं. आमच्या मतें धैर्याची खरी परीक्षा उतरण्यांत नसून, उतरण्याची योग्यता अंगीं येईपर्यंत थांबण्यांत आहे. हें मत आम्ही अशा एका खेळाच्या उदाहरणानें मांडणार आहों, कीं जो आमच्या बहुतेक वाचकांनीं प्रत्यक्ष पाहिला नसेल. तो खेळ म्हणजे स्कीइंग.

पायांस लांब, अरुंद पट्ट्या जोडून बर्फाच्या उतारावरून घसरत जाणें, हें या खेळाचें स्वरूप. युरोपांतील आल्प्स पर्वतांत तो फार लोकप्रिय आहे. आपल्या देशांत गुलमर्ग व औली येथें तो चालतो. उतरणीच्या मोठ्या शर्यतींत वेग ताशीं १०० किलोमीटरांच्याहि पलीकडे जातो. बूट नडगीपर्यंत कठीण असल्यामुळें घोट्याचें रक्षण होतें, आणि खेळाडू पडल्यास बूट पट्टीपासून सुटावा अशी कळहि बसविलेली असते. या युक्तींनीं नडगीचें हाड पुष्कळ वांचलें, परंतु गुडघा वांचला नाहीं. खेळाडू मागें झुकून पडूं लागला कीं कित्येकदां पट्टीचें मागचें टोक बर्फांत रुततें, पाय पिळवटतो, आणि गुडघ्याच्या आंत मांडीचें हाड नडगीच्या हाडाशीं बांधून ठेवणारा अस्थिबंध तुटतो.

असा तुटलेला अस्थिबंध बहुधा आपोआप पूर्ववत् सांधत नाहीं. म्हणून शस्त्रवैद्य पुष्कळदां रोग्याच्याच गुडघ्याच्या वाटीखालील किंवा मांडीच्या मागील कंडरेचा तुकडा काढून, दोन्ही हाडांत भोकें पाडून, तो तेथें बसवितात. यास कलमच म्हणावें लागेल. कोंकणांतील वाचकांस हें सांगावयास नको कीं, आंब्याच्या कोंवळ्या कलमास मोहोर आला तरी शहाणा बागाइतदार तो खुडून टाकतो. झाडाची शक्ति फळांत न जातां मुळांत व खोडांत जावी, हा त्याचा हेतु. गुडघ्यांतील कलमाचीहि तीच गोष्ट आहे. प्रथम त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. नव्या रक्तवाहिन्या आंत शिरून त्याचे तंतु पुन्हां विणले जाईपर्यंत, पहिले कांहीं महिने, तें बसवितांना होतें त्याहूनहि दुबळें असतें. आणि नेमक्या याच काळांत सूज उतरते, वेदना थांबतात, व रोग्यास वाटतें, ‘झालों आपण बरे !’ सारा घात येथेंच होतो.

हें आमचें केवळ अनुमान नव्हे. अमेरिकेंतील डेलावेअर व नॉर्वेंतील ओस्लो येथील संशोधकांनीं, निरनिराळ्या खेळांत अशी इजा होऊन शस्त्रक्रिया झालेल्या १०६ जणांवर दोन वर्षें लक्ष ठेवून, २०१६ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. खेळांत परतणें नऊ महिन्यांपर्यंत जितकें लांबवावें, तितकें दर महिन्यागणिक पुन्हां इजा होण्याचें प्रमाण सुमारें निम्म्यानें घटतें, असें त्यांस आढळलें. शिवाय, मांडीचें बळ व एका पायावरील उड्या यांसारख्या कसोट्यांस न उतरतां खेळूं लागलेल्यांपैकीं शेंकडा ३८ जणांस पुन्हां इजा झाली; कसोटीस उतरलेल्यांत हें प्रमाण शेंकडा ६ हूनहि कमी होतें.

आतां अमेरिकेच्या लिंडसे व्हॉन हिचें उदाहरण पाहूं. ५ फेब्रुवारी २०१३ रोजीं ऑस्ट्रियांतील श्लाडमिंग येथें शर्यतींत पडून तिच्या उजव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध तुटले व नडगीच्या हाडाचा वरचा भागहि मोडला. शस्त्रक्रिया झाली. पुढच्याच फेब्रुवारींत सोचीचें ऑलिंपिक होतें. नोव्हेंबरांत सरावाच्या वेळीं ती पुन्हां पडली आणि सांधलेला अस्थिबंध अंशतः फाटला. तरीहि डिसेंबरांत ती शर्यतींत उतरली. फ्रान्समध्यें गुडघ्यानें दगा दिला, व ऑलिंपिकहि हुकलें. जानेवारी २०१४ मध्यें दुसरी शस्त्रक्रिया झाल्यावर मात्र ती पुढील हिंवाळ्यापर्यंत शर्यतींपासून दूर राहिली. त्या डिसेंबरांत ती परतली व जिंकली. आणि १९ जानेवारी २०१५ रोजीं इटलींतील कोर्तिना येथें विश्वचषकाच्या शर्यतींतील ६३ वा विजय मिळवून तिनें स्त्रियांतील ६२ विजयांचा जुना उच्चांक मोडला. तिच्या पुढील जयांची व अपघातांची कथा मोठी आहे. आम्हांस येथें इतकेंच दाखवावयाचें आहे कीं, जिद्द दोन्ही वेळां तीच होती. पहिल्या वेळीं ऑलिंपिकची तारीख तोंडावर आली होती, दुसऱ्या वेळीं ती टळून गेली होती.

यावर कोणी म्हणेल, ‘फार थांबल्यानें मनांत भीति घर करते.’ हा आक्षेप खोटा नाहीं. परंतु थांबणें म्हणजे बिछान्यावर पडून राहणें नव्हे. दुबळ्या पायाचें बळ दुसऱ्या पायाच्या निदान शेंकडा ९० होईपर्यंत रोजचा व्यायाम करणें, मग सोप्या उतारावरून आरंभ करणें, व थकवा येण्यापूर्वीं थांबणें, हें कष्टाचें काम आहे. पडावें कसें हेंहि शिकतां येतें. अमेरिकेंतील व्हर्मांटच्या संशोधकांनीं १९९३-९४ च्या हंगामांत बर्फावरील रक्षक व शिक्षक यांस गुडघा सांभाळण्याचें शिक्षण दिलें, तेव्हां त्यांच्यांतील गुडघ्याच्या गंभीर दुखापती शेंकडा ६२ नीं कमी झाल्या. भीतीवर खरा उतारा तो हा.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शाळेंत बर्फ नाहीं. परंतु कबड्डींत व फुटबॉलांत तुटतो तो अस्थिबंध हाच. सामने जवळ आले म्हणजे ‘आतां दुखत नाहीं ना ? मग उतर’ असें म्हणणारे मित्र पुष्कळ भेटतील. त्यांस नम्रपणें सांगा कीं, ढाल दरवर्षीं येते, गुडघे मात्र दोनच मिळाले आहेत. आणि पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलास घाईनें मैदानांत ढकलूं नका, व भयानें जन्मभर घरींहि कोंडूं नका. त्यानें केव्हां परतावें हें पंचांगास विचारूं नये, प्रेक्षकांस तर मुळींच नव्हे. तें त्याच्या पायाच्या बळास विचारावें, आणि तेथून होकार आला म्हणजे त्यास आनंदानें निरोप द्यावा.