पाच वाक्यांचे पत्र, सहाशे संदर्भ

१० जानेवारी १९८० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात संपादकांच्या नावे एक पत्र छापून आले. अवघ्या पाच वाक्यांचे. जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांनी त्यात एवढेच सांगितले होते, की रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषध किमान एकदा मिळालेल्या ११,८८२ रुग्णांच्या नोंदींमध्ये, आधी व्यसन नसताना ते जडल्याची बऱ्यापैकी खात्रीशीर अशी चारच उदाहरणे आढळली. रुग्ण घरी गेल्यावर काय झाले, महिनोन् महिने गोळ्या घेतल्या तर काय होईल, याबद्दल पत्रात अक्षर नव्हते.

तरीही जुनाट दुखण्यावर या गोळ्या बिनधोक देता येतात, याचा पुरावा म्हणून हे पत्र फिरत राहिले. ऑक्सिकॉन्टिन ही गोळी नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाजारात आली आणि पत्राचे दाखले आणखी वाढले. कॅनडातील संशोधकांनी २०१७ मध्ये मोजदाद केली, तेव्हा ६०८ लेखांत त्याचा संदर्भ सापडला. त्यांपैकी ७२ टक्के लेखांनी ‘व्यसन क्वचितच लागते’ यासाठी ते वापरले होते. हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते, ही कळीची गोष्ट सुमारे ८० टक्के लेखकांनी सांगितलीच नाही. अमेरिकेत अफूवर्गीय औषधांच्या अतिमात्रेने पुढे लाखो माणसे दगावली. त्याचे खापर एका पत्रावर फोडता येणार नाही; पण डॉक्टरांची भीड चेपण्यात त्याचा वाटा होता.

नियतकालिक नामांकित होते, पत्र खरे होते. चूक झाली ती ते न वाचता पुढे ढकलण्यात.

आपल्याकडे एमडीचा प्रबंध असो की पदवीचा प्रकल्प, विद्यार्थ्याला संदर्भ कसा लिहायचा हे शिकवतात. लेखकाचे आडनाव आधी, मग वर्ष, स्वल्पविराम कुठे. संदर्भ वाचलाय का, हे फारसे कोणी विचारत नाही. सीनियरच्या प्रबंधातली यादी तशीच उचलली जाते, त्या सीनियरने ती आणखी कोणाची तरी घेतलेली असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार वाङ्मयचौर्य पकडण्यासाठी मजकुरातले साम्य तपासतात आणि १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. गंमत अशी, की या तपासणीतून संदर्भसूची वगळलेली असते. ते रास्तच आहे, सूची दुसऱ्याशी जुळणारच. पण त्यामुळे प्रबंधातला सर्वांत न वाचलेला भाग कोणाच्याच नजरेखालून जात नाही. त्यात आता चॅटबॉट आले. ते अस्तित्वातच नसलेल्या निबंधांची नावे, खंड आणि पृष्ठक्रमांकांसह, बिनदिक्कत देतात.

खरे तर तपासणी अवघड नाही. ‘पबमेड’वर नाव टाकले की निबंध आहे की नाही ते कळते आणि बहुतेकांचा सारांश फुकट वाचता येतो. तो संपादकांना लिहिलेले पत्र आहे, आढावा आहे की चाचणी, हे तिथेच दिसते. निबंध मागे घेतला गेला असेल तर तशी सूचना असते. लशीचा आणि स्वमग्नतेचा संबंध सुचवणारा ‘लॅन्सेट’मधला १९९८ चा निबंध २०१० मध्ये मागे घेतला गेला, तरी नाव घेणारे अजून आहेत. मग पाहावे, रुग्ण कोण होते, किती होते, किती काळ पाहिले. अमेरिकी वॉर्डातले निरीक्षण लातूरच्या बाह्यरुग्ण विभागाला लावायचे, तर कारण द्यावे लागेल. मूळ निबंध मिळालाच नाही, तर ज्या पुस्तकात त्याचा उल्लेख वाचला त्या पुस्तकाचे नाव द्यावे. त्यात कमीपणा काही नाही.

मार्गदर्शकांनाही एक काम करता येईल. तोंडी परीक्षेच्या आधी यादीतले कोणतेही पाच संदर्भ निवडावेत आणि प्रत्येकात नेमके काय आढळले, ते विद्यार्थ्याला पुस्तक न उघडता विचारावे. सांगता आले नाही, तर तो संदर्भ खोडायला लावावा. पहिल्या वर्षी बऱ्याच याद्या निम्म्यावर येतील.