पडायला शिकवणारी विद्या



‘आई, तुम्ही उठू नका, मी देते.’ गेल्या वर्षी हे वाक्य मी दिवसातून वीसदा तरी म्हटलं असेल. सासूबाई मोरीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी वॉकर दिला आणि ‘यांना चालतं ठेवा’ म्हणून बजावलं. पण आम्हीच इतके धास्तावलेलो, की पाणी हातात, ताट हातात, पेपरसुद्धा हातात! हाड जुळलं, पण पाय पार काटकुळे झाले. आणि भीती बसली ती वेगळीच. मोरीच्या उंबऱ्याशी आल्या की भिंत धरून नुसत्या उभ्या राहायच्या.

त्याच सुमारास शाळेत एक गंमत पाहिली. मुलींना ज्यूदो शिकवायला एक सर येतात. त्यांनी पहिले पंधरा दिवस ना पकड शिकवली, ना डाव. नुसतं पडायला शिकवलं! हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि आपटायचं नाही, लोळत जायचं. जपानीत याला ‘उकेमी’ म्हणतात. मी थट्टेनं म्हटलं, ‘सर, आमच्या सासूबाईंनाही शिकवा.’ ते म्हणाले, ‘हसू नका बाई, यावर डॉक्टर लोक संशोधन करताहेत.’ मग मी वाचायला बसले.

नेदरलँड्समध्ये नाइमेखेन शहर आहे. तिथल्या संशोधकांनी तरबेज ज्यूदोपटूंना गुडघ्यांवर बसवून कुशीवर पडायला लावलं आणि खुब्यावर किती जोर येतो तो मोजला. २००७ साली निष्कर्ष आला : हात टेकून अंग अडवण्यापेक्षा ज्यूदोसारखं लोळत पडलं, तर हा जोर चौथाईहून अधिक कमी होतो. ज्यूदोवाले पडताना हात जमिनीवर आपटतात ना, तो न आपटताही फायदा टिकला. म्हणजे किमया लोळण्याची. आपण मात्र पडताना हात पुढे टेकतो आणि मनगट मोडून घेतो.

म्हणून उद्या सासूबाईंना सतरंजीवर लोळवू नका हं! हाडं ठिसूळ झालेल्यांसाठी त्याच संशोधकांनी अटी घातल्या आहेत : खाली जाड गादी हवी, खुब्यांवर संरक्षक पॅड हवेत, आणि उभ्यानं पुढे पडण्याचा सराव करायचाच नाही. शिवाय शिकवणारा जाणकार हवा. आपल्या गावात अशी सोय कुठली?

आपल्याला जवळची वाटते ती चीनची ताई ची. हीसुद्धा मुळात लढण्याचीच विद्या, पण हालचाली अगदी संथ. गुडघे किंचित वाकवून अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर न्यायचा, कमरेतून वळायचं, नजर हाताबरोबर फिरवायची. तोल जातो तो नेमका अशाच वेळी, भार बदलताना आणि वळताना. त्याच क्षणाचा हा सावकाश सराव.

अमेरिकेत अटलांटा इथं सत्तरीच्या पुढच्या दोनशे जणांवर प्रयोग झाला. काहींना ताई ची शिकवली, काहींना तोलाचा सराव देणाऱ्या संगणकी यंत्रावर उभं केलं, तर काहींना नुसती माहिती दिली. पंधरा आठवड्यांच्या शिकवणीनंतर ताई चीच्या गटात पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला आणि पडण्याची भीतीही कमी झाली. हा निष्कर्ष १९९६ सालचा. महागड्या यंत्रानं मात्र पडणं कमी झालं नाही, हे वाचून मला बरं वाटलं!

पुढे ओरेगॉनमध्ये कंपवाताच्या १९५ रुग्णांपैकी एका गटाला आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई ची शिकवली. २०१२ साली छापून आलं, की नुसते ताण देण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते बरेच कमी पडले. पण स्नायू बळकट करणाऱ्या व्यायामाच्या तुलनेत पडण्यात ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. जादू समजू नका.

मला यातलं पटलं ते एकच. पूर्वी आपण म्हणायचो, ‘पडलीस ना, आता बसून राहा.’ हे संशोधक म्हणतात, तोल सावरण्याची सवय पुन्हा लावा. आमच्या प्रेमळ ‘उठू नका’नं त्यांचे पाय निजवले होते.

मी डॉक्टरांना विचारलं आणि फिजिओथेरपिस्ट बाईंना घरी बोलावलं. आता सासूबाई सकाळी ओट्याला दोन्ही हात टेकून उभ्या राहतात. पावलं खांद्यांइतकी लांब, गुडघे जरा सैल. उजव्या पायावर भार, सावकाश पाच आकडे, मग डाव्यावर. मी मागे खुर्ची ठेवते आणि स्वतः शेजारी उभी राहते. पायांत मोजे नाहीत, लादी कोरडी. चक्कर आली किंवा दुखलं की थांबायचं. ही ताई ची नव्हे, तिची फार तर चुलत बहीण. मोरीतही घट्ट बसवलेली लोखंडी कडी लावून घेतली, कारण ओली फरशी ती ओलीच.

पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, ‘अगं, या वयात मी काय कुस्त्या खेळू?’ परवा मी शाळेतून आले, तर ओट्याशी उभ्या राहून आमटीला फोडणी देत होत्या. माझा जीव वर आला. तोंडापर्यंत आलेलं ‘उठू नका’ गिळलं आणि म्हटलं, ‘आई, मीठ मी घालू?’

‘घातलंय,’ त्या म्हणाल्या, ‘तू हात धुऊन ये.’