गुण उतरतात, शुल्क का उतरत नाही?

कमी गुण मिळालेल्या विद्यार्थ्याने दंतवैद्य व्हावे की नाही, हा प्रश्न आपल्या देशात दोन वेगवेगळ्या सुरांत विचारला जातो. विद्यार्थी राखीव जागेवरचा असेल तर ‘गुणवत्तेचे काय होणार’ या चिंतेने वर्तमानपत्रांचे रकाने भरून जातात. विद्यार्थी धनिकाच्या घरचा असेल तर त्याच प्रश्नाला ‘रिक्त जागांची समस्या’ असे सभ्य नाव मिळते, आणि ती समस्या सोडविण्यासाठी शासन, परिषद व न्यायालय असे सारेच धावून येतात. गुणवत्तेचा हा दुटप्पी न्याय समजून घ्यावयाचा असेल तर दंतवैद्यक महाविद्यालयांच्या प्रवेशाइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

८ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२०-२१ या वर्षाच्या दंतवैद्यक पदवी प्रवेशासाठी पात्रतेची किमान पर्सेंटाइल दहाने खाली आणण्याचा आदेश दिला. खुल्या वर्गासाठी ती ५० वरून ४० वर आणि राखीव वर्गांसाठी ४० वरून ३० वर आली. देशभरात सुमारे ७,००० जागा रिकाम्या राहिल्या होत्या, हे त्याचे कारण. केंद्र शासनाने आरंभी नकार दिला होता. भारतीय दंत परिषदेने मात्र पर्सेंटाइल वीसने उतरवावी अशी शिफारस केली होती. शिक्षणाचा दर्जा राखण्यासाठी जी संस्था निर्माण झाली, तीच दाराची चौकट कापून देण्यास सर्वांत पुढे होती, ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

गुणांचे गणित

येथे प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ५० पर्सेंटाइल म्हणजे ५० टक्के गुण नव्हेत. परीक्षेस बसलेल्यांपैकी निम्म्यांना मागे टाकले की ५० पर्सेंटाइल होते. मग प्रत्यक्ष गुण कितीही असोत. ‘नीट’ ही परीक्षा ७२० गुणांची. तीत ५० पर्सेंटाइलसाठी २०२० साली १४७ गुण लागले, २०२२ साली ११७, तर २०२५ साली १४४. म्हणजे उंबरठा न उतरविताही तो वीस टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून खालीच असतो. २०२०-२१ साली तो ४० पर्सेंटाइलवर आला, तेव्हा खुल्या वर्गातील ११३ गुणांचा विद्यार्थीही पात्र ठरला.

मग पात्र विद्यार्थ्यांची टंचाई होती काय? आकडे तसे सांगत नाहीत. २०२० च्या परीक्षेत ७ लाख ७१ हजार ५०० विद्यार्थी जुन्या निकषानेच पात्र ठरले होते. एमबीबीएसच्या जागा सुमारे ८२,००० आणि बीडीएसच्या सुमारे २८,०००. दोन्ही मिळून १ लाख १० हजार जागांसाठी प्रत्येक जागेमागे सात पात्र उमेदवार उभे होते. शासनाने हाच हिशेब न्यायालयापुढे मांडला. त्यावर उत्तर आले ते असे, की याच परीक्षेच्या आधारे आयुर्वेद, होमिओपथी, युनानी आदी अभ्यासक्रमांचेही प्रवेश होतात; तेव्हा सातास एक हे प्रमाण फसवे आहे. हा आक्षेप क्षणभर मान्य करू. परंतु पात्र विद्यार्थी दंतवैद्यकाकडे पाठ फिरवून अन्यत्र का जातो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. उलट अधिक टोकदार होतो.

त्याचे उत्तर त्याच खटल्यातील एका आकड्यात आहे. त्या ७,००० रिकाम्या जागांपैकी सरकारी महाविद्यालयांतील जागा अवघ्या २६५ होत्या. बाकीच्या साऱ्या खासगी संस्थांतील. अभ्यासक्रम तोच, पदवी तीच, चार वर्षांचे शिक्षण व एक वर्षाची आंतरवासिता हा कालावधीही तोच. फरक एकच: शुल्काचा. जेथे शुल्क सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे तेथे जागा भरतात. जेथे बापाला शेत गहाण टाकावे लागते तेथे त्या रिकाम्या राहतात. टंचाई पात्र विद्यार्थ्यांची नव्हती. मागितलेली किंमत मोजू शकणाऱ्या गिऱ्हाइकांची होती.

बाजाराचे अर्धेच तत्त्व

शिक्षण ही विक्रेय वस्तू आहे, असे सांगणारे पंडित बाजाराच्या नियमांची महती गातात. त्यांच्याच शास्त्राचा पहिला पाठ असा, की माल पडून राहिला तर त्याची किंमत उतरते. दंतवैद्यकाच्या बाजारात मात्र अजब प्रकार घडतो. माल पडून राहतो, पण किंमत जागची हलत नाही. उतरते ती गिऱ्हाइकाची पात्रता! म्हणजे नफ्याच्या वेळी बाजार स्वतंत्र, आणि तोट्याच्या वेळी त्याच्या रक्षणासाठी राजपत्र. याला मुक्त बाजार म्हणत नाहीत. सरकारी संरक्षणाखालील सावकारी म्हणतात.

त्या निकालातच हा विरोधाभास उघडा पडलेला आहे. खासगी महाविद्यालयांचे शुल्क विद्यार्थ्यांना परावृत्त करते, हे न्यायालयाच्या ध्यानी आले होते. संस्थाचालकांनी शुल्क कमी करण्याचा विचार करावा, असेही त्याने सुचविले. पर्सेंटाइल उतरविण्याचा झाला आदेश, आणि शुल्क उतरविण्याची झाली सूचना. आदेशाची अंमलबजावणी काही दिवसांत झाली. सूचना कागदावर राहिली.

आणखी एक हिशेब संस्थाचालकांना विचारला पाहिजे. इमारत उभी आहे, खुर्च्या व यंत्रे बसविलेली आहेत, अध्यापकांचे पगार द्यावेच लागतात. अशा स्थितीत एक जास्तीचा विद्यार्थी शिकविण्याचा वाढीव खर्च फार थोडा असतो. तरीही जागा पूर्ण किमतीला विकता येत नाही म्हणून ती रिकामी ठेवावयाची, हे भाव पडू नये म्हणून उभे पीक जाळण्यासारखे आहे. फरक एवढाच, की येथे जळते ते एखाद्या पात्र विद्यार्थ्याचे आयुष्य.

इतिहास काय सांगतो

भारतातील पहिले दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यात काढले. त्यासाठी लागणारा पैसा उभा करण्यास त्यांनी सोडा-फाउंटनचे दुकान चालविले. मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे, आणि ते महानगरपालिकेचे आहे. दुकान चालवून महाविद्यालय पोसणाऱ्यांचा तो काळ होता. महाविद्यालय हेच दुकान म्हणून चालविणाऱ्यांचा काळ नंतर आला.

महाराष्ट्रात त्याचा दरवाजा १९८३ साली, वसंतदादा पाटील यांच्या कारकीर्दीत, विनाअनुदान तत्त्वावरील व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी देऊन उघडला गेला. शासनाकडे पैसा नाही, तेव्हा समाजाने पुढे यावे, असे तेव्हा सांगण्यात आले. पुढे आला तो समाज नव्हे. साखर कारखाना, जिल्हा बँक आणि विधानसभा या तिन्ही ठिकाणी बस्तान बसविलेला शिक्षणसम्राट पुढे आला. देणगीच्या नावाखालील लूट इतकी उघड झाली, की १९८७ साली राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी फी घटनाबाह्य ठरविली. १९९३ साली निम्म्या मोफत व निम्म्या सशुल्क जागांची योजना आली. २००२ साली टी. एम. ए. पै प्रतिष्ठान खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती मोडीत काढली. नफेखोरी नको, पण ‘वाजवी शिल्लक’ चालेल, असे ठरले. २००५ साली इनामदार खटल्यात अनिवासी भारतीयांसाठी पंधरा टक्क्यांपर्यंत जागा मान्य झाल्या. त्यातून येणारा जादा पैसा दुर्बल घटकांतील विद्यार्थ्यांसाठी वापरावा, अशी अपेक्षाही व्यक्त झाली. त्या पैशावर किती गरीब मुले दंतवैद्य झाली, हा हिशेब एकदा प्रत्येक संस्थेने फलकावर लावावा.

‘नीट’ सक्तीची झाली तेव्हा देणगीच्या व्यापाराला आळा बसेल अशी आशा होती. तो काही अंशी बसलाही. पण ज्या दारावर गुणांचा पहारा बसविला, त्या दाराचा उंबरठाच खाली आणण्याची युक्ती लगेच सापडली. राजस्थानात २०१६-१७ साली राज्य शासनाने अधिकार नसताना आधी दहा व मग आणखी पाच पर्सेंटाइलची सवलत दिली. काही खासगी महाविद्यालये तर तिच्याही पलीकडे गेली. त्या प्रकरणात डिसेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संबंधित महाविद्यालयांना प्रत्येकी १० कोटी रुपयांचा दंड केला. तोवर ते विद्यार्थी शिकून बाहेर पडले होते. आणि हा रोग दंतवैद्यकापुरता राहिलेला नाही. २०२३ साली वैद्यकीय पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणण्यात आली. म्हणजे परीक्षेला बसला तो पात्र झाला! आरक्षणाविरुद्ध रस्ते झाडून आणि बुटांना पॉलिश करून निषेध नोंदविणारे गुणवत्तेचे रक्षक या वेळी कोठे होते? त्यांचे झाडू कोणी लपवून ठेवले होते?

कमी गुण हा गुन्हा नव्हे

याचा अर्थ कमी गुणांचा विद्यार्थी नालायक असतो, असा कोणी काढू नये. तो समाजवादी विचाराचा अर्थ नव्हेच. लाखो रुपये भरून लातूर वा कोटा येथील शिकवणी वर्गांत दोन वर्षे घालविलेला मुलगा आणि प्रयोगशाळेला कुलूप असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयातून आलेली शेतमजुराची मुलगी, यांचे गुण एका तागडीत तोलणे हाच मुळी अन्याय आहे. त्या मुलीचे १४० गुण हे तिच्या बुद्धीचे माप नसून तिला नाकारलेल्या साधनांचे माप आहे. अशा विद्यार्थिनीसाठी दार रुंद करावयाचे असेल तर त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण पर्सेंटाइल उतरल्याने तिच्यासाठी दार उघडते काय? ती पूर्वीही बहुधा कागदोपत्री पात्रच होती. तिला अडविले ते गुणांनी नव्हे, शुल्काने. आणि ते तसेच राहिले. उतरलेल्या उंबरठ्यावरून आत गेला तो तिच्याहून कमी गुणांचा, पण बापाची तिजोरी भरलेला विद्यार्थी. सवलत दुर्बलांच्या नावाने मागितली गेली आणि सबलांच्या पदरात पडली.

देशाला दंतवैद्यांची गरज नाही, असेही नाही. २०२१ साली शासनाने न्यायालयाला सांगितले, की ६,०८० लोकांमागे एक दंतवैद्य आहे, आणि हे प्रमाण जागतिक निकषाहून चांगले आहे. सरासरीचा हा आकडा धडगावच्या वा एटापल्लीच्या माणसाला दाखवावा! मुखाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांतील सर्वाधिक आढळणारा कर्करोग. २०१६-१७ च्या पाहणीनुसार महाराष्ट्रातील सुमारे एक चतुर्थांश प्रौढ माणसे धूरविरहित तंबाखू सेवन करीत होती. तोंडातील पांढरा चट्टा वेळीच ओळखणारा दंतवैद्य ज्या आरोग्य केंद्रात हवा, तेथे त्याचे पदच नाही. आणि शहराच्या एकेका रस्त्यावर चार-चार पाट्या. कर्ज काढून शिकलेला पदवीधर खेड्यात जाणार कसा? त्याला हप्ते फेडावयाचे असतात. अखेर शुल्काचा बोजा रोग्याच्या खिशावरच येऊन पडतो.

म्हणून या प्रश्नावर कार्यकर्त्यांनी मागण्या नेमक्या ठेवल्या पाहिजेत. शुल्क सरकारी महाविद्यालयाच्या पातळीवर आणल्याखेरीज कोणत्याही खासगी संस्थेसाठी पात्रता उतरवू नये. शेवटच्या फेरीनंतर रिकाम्या राहिलेल्या जागा शासनाने ताब्यात घेऊन गुणानुक्रमे, सरकारी शुल्कात भराव्यात. जिल्हा परिषदेच्या शाळांतून आलेल्या कमी गुणांच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी महाविद्यालयांत एक वर्षाचा विनामूल्य पूर्वतयारी अभ्यासक्रम असावा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकाचे पद भरावे, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या पातळीवर नवी पदे निर्माण करावीत. १९८७ चा कायदा कपाटातून बाहेर काढावा.

यांतील एकही मागणी क्रांतिकारक नाही. पण त्यांतील पहिली मागणी मांडताच संस्थाचालकांचे गुणवत्तेवरील प्रेम आणि बाजारावरील श्रद्धा या दोहोंची एकदमच कसोटी लागेल. पुढच्या वर्षी जागा रिकाम्या राहिल्याची ओरड पुन्हा सुरू होईल, तेव्हा प्रत्येक सभेत एकच प्रश्न विचारावा: गुण उतरविता, मग शुल्क का उतरवीत नाही?