'चुकून प्यायली' असे लिहिण्याआधी

रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना तरुणांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण द्यावे, या मागणीला आज कोणीच विरोध करत नाही. अशा बिनविरोध मागण्यांचे पुढे काय होते, हे आपण चळवळीतल्या बायका पुरत्या ओळखून आहोत. १० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिन येतो, सभागृहात व्याख्यान होते, चहा होतो, हजेरीपटावर सह्या होतात. वॉर्ड आहे तसाच राहतो. म्हणून प्रशिक्षण कोणाला, कशाचे आणि कोणाच्या बाजूने, हे प्रश्न विचारायला हवेत. ते सगळ्यात जास्त टोचतात ते विष घेतलेल्या मुलीच्या खाटेपाशी.

समाजकार्याच्या कामानिमित्त सरकारी रुग्णालयांत माझी नेहमी ये-जा असते. स्त्री वॉर्डात पंधरा ते पंचवीस वयाच्या अशा मुली कायम दिसतात. शेतातले औषध, उंदराचे औषध, घरातल्या म्हाताऱ्यांच्या गोळ्या. त्यांचा जीव वाचवायला डॉक्टर आणि सिस्टर रात्ररात्र राबतात, याबद्दल मला शंका नाही. पण धोका टळला की त्याच मुलीची आरोपी होते. 'आईबापाचा विचार नाही केलास?' 'काय लफडं होतं?' 'मरायचंच होतं तर इथं कशाला आलीस?' असे बोलणारी माणसे दुष्ट नसतात. मुलीच्या दुःखाला 'नाटक' म्हणायचे हे घरात, शाळेत, सिनेमात शिकलेली माणसेच गणवेश घालून कामावर येतात. मुलग्यांच्या वाट्याला दुसरा टोमणा येतो: 'मर्द असून असं करतोस?' आणि तोही तोंड मिटतो.

मग येतो केस पेपर. विषबाधा म्हणजे एम.एल.सी., म्हणजे पोलिसांना कळवणे आले. जबाब घेतला जातो तेव्हा खाटेभोवती बाप, काका नाहीतर नवरा आणि सासू उभी असते. अशा वेळी मुलगी काय सांगणार? 'खोकल्याचं औषध समजून चुकून प्यायली.' पोलिसांचे काम आटोपते, घरची अब्रू वाचते, वॉर्डातली खाट रिकामी होते. आणि कागदावर दुःखच नसल्यामुळे मनोविकार विभागाकडे चिठ्ठी जात नाही.

एका मुलीचे उदाहरण सांगते. दहावीनंतर तिची शाळा सुटली, कारण कॉलेज तालुक्याला आणि परतीची एस.टी. रात्रीची. वर्षभरात लग्न ठरले. तिने उंदराचे औषध घेतले. होणाऱ्या सासरी कळू नये म्हणून 'चुकून' लिहून घेण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी 'आता बरी आहे' म्हणत घरच्यांनी डामावर सही करून तिला नेले. उंदराच्या काही औषधांत पहिले एक-दोन दिवस पेशंट बरी दिसते आणि नंतर यकृत निकामी होऊ लागते, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नव्हते. सुदैवाने ती वाचली. पण बोलण्यासाठी मिळालेले ते दोन दिवस गेले, आणि ती परत गेली ती त्याच घरात, त्याच ठरलेल्या लग्नाकडे.

कायदा याहून पुढे गेलेला आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ हा मे २०१८ पासून लागू झाला. त्याचे कलम ११५ सांगते की, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानले जाईल; उलट सिद्ध झाल्याखेरीज तिच्यावर खटला चालणार नाही, आणि तिची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य राहील. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ राहिलेले नाही; सरकारी नोकरावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा उरला आहे. तरीही वॉर्डात 'पोलीस केस होईल' ही धमकी चालूच आहे. २०१७ च्या कायद्याचे कलम ३१ सरकारी आरोग्य संस्थांतल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना मानसिक आरोग्याच्या प्राथमिक आणि तातडीच्या सेवेचे प्रशिक्षण द्यायला सांगते. पण रात्री दोन वाजता मुलीच्या उशाशी असते ती सिस्टर, आणि मुलगी बोलते ती बहुतेक वेळा आयाबाईशी. या दोघींना वगळून केलेले प्रशिक्षण खाटेपर्यंत पोचत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. सर्वांत जास्त, २२,७४६, आपल्या महाराष्ट्रात. हे नोंदलेले मृत्यू. वाचलेल्या आणि 'चुकून' म्हणून घरी गेलेल्या मुली यात कुठेच नाहीत.

साध्या गोष्टींनी जीव वाचतात याला पुरावा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नईसह पाच देशांतल्या पाच ठिकाणी आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या १,८६७ जणांचा अभ्यास केला. तो २००८ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी सोडताना तासभर नीट बोलणे झाले आणि पुढे दीड वर्षात फोनने किंवा भेटून नऊ वेळा विचारपूस झाली. नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के लोक पुढे आत्महत्येने गेले, विचारपूस झालेल्यांत ०.२ टक्के. यात महागडे यंत्र किंवा औषध नव्हते.

रुग्णालय बदलू शकते हेही आपण पाहिले आहे. २००० साली 'सेहत' संस्था आणि मुंबई महानगरपालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' केंद्र सुरू केले. हिंसा सोसणाऱ्या बाईला ओळखायचे कसे, हे तिथल्याच कर्मचाऱ्यांना शिकवले गेले आणि त्यांच्यातूनच प्रशिक्षक तयार झाले. बाहेरून पाहुणा येऊन भाषण करून गेला असता तर ते काम टिकले नसते.

मग शिकवायचे काय? सिस्टरला मानसोपचारतज्ज्ञ करायचे नाही. पडदा ओढून, नातेवाइकांना बाहेर पाठवून मुलीशी एकटीने बोलायचे. 'अजून जीव द्यावासा वाटतो का?' असे सरळ विचारायचे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. घरात कोणी मारते का, अंगाला हात लावते का, लग्नाची बळजबरी आहे का, हेही विचारायचे. ती अठराच्या आतली असेल आणि लैंगिक संबंधाचे बोलणे निघणार असेल, तर पोक्सोखाली कळवणे आपल्यावर बंधनकारक आहे हे आधी सांगायचे, मागाहून दगा दिल्यासारखे नको. ती सांगेल तेच तिच्या शब्दांत लिहायचे. आणि घरी जाताना घरातली विषारी औषधे कुलपात ठेवायला सांगून, पुढची तारीख आणि भेटणाऱ्या माणसाचे नाव तिच्या हाती द्यायचे. टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर जरूर द्यावा, पण घरातला फोन भावाच्या खिशात असतो हे विसरू नये.

'आधीच कामाने वाकलेल्या सिस्टरवर आणखी एक ओझे?' ही हरकत खरी आहे. एकटी सिस्टर रात्री अख्खा वॉर्ड सांभाळते, आयाबाई कंत्राटावर असते, समुपदेशकाची जागा भरली तरी कराराची. तिची ड्युटी न बदलता तिला 'संवेदनशील व्हा' सांगणे हा ढोंगीपणा आहे. म्हणून प्रशिक्षण ड्युटीच्या वेळेत हवे, त्यासोबत बंद दाराची एक खोली आणि रिकाम्या जागांची भरती हवी. तिच्या स्वतःच्या ताणाबद्दल बोलायलाही तिथे जागा हवी. ही मागणी तिच्याविरुद्ध नाही, तिच्यासोबत करायची आहे.

प्रत्येक गटाने आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून सुरुवात करावी. गेल्या वर्षी विषबाधेच्या किती तरुण मुली दाखल झाल्या, त्यातल्या किती 'चुकून' म्हणून नोंदल्या, किती जणींना पुढे समुपदेशनाला पाठवले, आणि किती सिस्टर व आयांना प्रशिक्षण मिळाले, एवढी चार उत्तरे माहितीच्या अधिकारात मागावीत. ती घेऊन रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत जावे. तिथे जाताना परिचारिकांच्या संघटनेला बरोबर घ्यावे.