टाचांच्या भेगा आणि गोरेपणाची क्रीम

गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि आमच्याजवळ बसलेल्या एका ताईंनी आपले पाय पटकन लुगड्याखाली ओढून घेतले. टाचा फाटून रक्त आले होते. ताई चार घरची धुणीभांडी करतात. "दिवसभर पाय पाण्यात, तरी टाचा कोरड्या कशा?" हा त्यांचा सवाल. लेकीला पाहायला पाहुणे येणार म्हणून गोरे करणारी क्रीम मात्र घरात आली होती. स्वतःच्या टाचेला काही नाही.

सवाल रास्त आहे. आपल्या कातडीचा वरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. विटा म्हणजे मेलेल्या पेशी आणि मधला चुना म्हणजे स्निग्ध पदार्थ. साबण जसा भांड्याचा तेलकटपणा काढतो तसा हा चुनाही धुऊन नेतो. मग आतले पाणी उडून जाते. त्यातून तळहात-तळपायांना तेल पाझरणाऱ्या ग्रंथी निसर्गाने दिलेल्याच नाहीत.

मलमाचे काम एवढेच, की फटी बुजवायच्या आणि पाणी अडवायचे. डबीवर 'इमॉलियंट' लिहिलेले असते ते हेच. पेट्रोलियम जेली कातडीवर झाकणासारखी बसते. अमेरिकेत चेसब्रो नावाच्या गृहस्थाने १८७२ साली तिचे पेटंट घेतले. आजही पाणी अडवण्यात तिच्या तोडीचे फार थोडे आहे. ग्लिसरीनचे काम वेगळे, ते पाणी ओढून धरते. खोबरेल तेलही चांगले. आणि कोकणातल्या आपल्या आया कोकमाच्या बियांचे घट्ट तेल गरम करून भेगांत भरीत, ते उगाच नव्हे. तेच कोकमतेल आता महागड्या क्रीममध्ये घालतात!

झाकण मात्र ओल्यावर ठेवायचे. रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे बुडवा, नुसते टिपा, लगेच जेली चोळा आणि सुती मोजे घाला. मोजे नसतील तर जुने धडके गुंडाळा. नाहीतर फरशीवर पाय घसरेल. दुकानात डबीची किंमत भागिले ग्रॅम असा हिशेब करा. आम्ही कारकुनी सवयीने केला, तेव्हा सुवासाला आणि खोक्यालाच जास्त पैसे जातात असे दिसले.

आता त्या दुसऱ्या क्रीमबद्दल. कुठलेही स्निग्ध मलम लावले की कातडी गुळगुळीत होते, उजेड सारखा परततो, चेहरा तुकतुकीत दिसतो. रंग बदलत नाही. २०२० साली 'फेअर अँड लव्हली'ने नावातला 'फेअर' काढला, पण बाजारात बिननावाच्या डब्या आहेतच. काहींत पारा सापडला आहे, तो मूत्रपिंडाला घातक. काहींत स्टेरॉइड, त्याने कातडी पातळ पडते. लेकीच्या रंगात कमी काय आहे, हे ताईंना आम्ही विचारले. त्या गप्प राहिल्या; लेक मात्र हसली.

मधुमेह असेल किंवा भेगेतून पू येत असेल, तर घरगुती इलाज न करता आधी सरकारी दवाखाना गाठावा.